वीसच्या घरातला पगार: पहिल्या नोकरीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या भाच्याचं आहे. त्याचं नाव सांगत नाही, कंपनीचं पण नाही, लिहायला त्यानं परवानगी दिली ती याच अटीवर. मी स्वतः छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत बरीच वर्षं पेरोलला आहे, म्हणजे दर महिन्याला लोकांच्या पगाराच्या स्लिपा काढणं हाच धंदा, त्यामुळे आकड्यांत जरा खोलात शिरणार आहे. कंटाळा आला तर ओलांडून पुढं जा, पण या प्रकरणातली सगळी भानगड आकड्यांतच आहे.

पोरगा सेलू तालुक्यातला. घरी चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस, दोन म्हशी. २०२४ ला परभणीतून बी.कॉम. झाला, नांदेडच्या विद्यापीठाचं. सोबत टॅली, एमएस-सीआयटी असं जे सगळे करतात ते. एक गोष्ट मात्र सगळे करत नाहीत, ती यानं केली होती. बारावीपासून गावातल्या दूध संकलन केंद्राचं रजिस्टर संध्याकाळी हाच लिहायचा, कुणाचं किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दहा दिवसांचा हिशोब. याचा पुढं उपयोग झाला म्हणून सांगायलोय.

मे महिन्यात परभणीत रोजगार मेळावा होता, तिथून त्याला संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कंपनीनं उचललं. दुचाकीचे प्रेस पार्ट बनवणारी व्हेंडर कंपनी, पोस्ट अकाउंट्स असिस्टंट. एचआरची मॅडम इंटरव्ह्यूत म्हणाली, "सीटीसी वीसच्या घरात जाईल." पोरानं बाहेर येऊन घरी फोन लावला आणि म्हणाला, वीस हजार. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, हॉटेलावर चहा पाजताना वीस हजारच सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावात वीस पक्के झाले आणि चारच दिवसांत त्याच्या आत्याचा एका स्थळाबद्दल फोन पण आला. दाजींचं गणित सरळ होतं, पाच त्याला तिथं राहायला, पंधरा घरी. त्या पंधराच्या भरवशावर त्यांनी कृषी केंद्रातून खत आणि बियाणं उधारीवर उचललं.

एचआर खोटं बोलली नव्हती, हेच तर दुखणं आहे. ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. बेसिक आणि डीए मिळून १२,५००, बाकी घरभाडं (एचआरए) आणि इतर भत्ते धरून ग्रॉस, म्हणजे काही कापायच्या आधीचा पगार, १७,०००. त्याच्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के म्हणजे १,५००, पीएफचे अ‍ॅडमिन आणि विम्याचे १२५, ईएसआयसीचा, म्हणजे दवाखान्याच्या सरकारी विम्याचा, कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के म्हणजे ५५३, ग्रॅच्युइटीची तरतूद ६०१. बेरीज १९,७७९. झालं की वीसच्या घरात. आता यातली ग्रॅच्युइटी त्या वेळच्या कायद्यानं पाच वर्षं टिकला तरच मिळणार, पीएफ नोकरी चालू असताना सहजासहजी हातात येत नाही, ईएसआयसीचे पैसे तर हातात येतच नाहीत, पण सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही केवढ्याला पडता तो आकडा, तुम्हाला काय मिळतं तो नाही. आणि १७,००० मधून याचा स्वतःचा पीएफ १,५००, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे १२८, प्रोफेशनल टॅक्स २००, कँटीनचे ४५०. हातात १४,७२२. गावातले वीस आणि खात्यातले चौदा हजार सातशे यांच्यातला जो पाच हजारांचा फरक आहे ना, तोच हे सगळं प्रकरण आहे, बाकी सगळं त्याला चिकटून आलं.

दुसरं पान त्यानं उघडलंच नव्हतं. मोबाईलवर पीडीएफ, पहिल्या पानावर अभिनंदन लिहिलेलं, खाली सही करायची जागा. तुम्ही आम्ही पण हेच करतो.

१० जून २०२४, सोमवार, जॉइन झाला. त्याच दिवशी शंभरच्या स्टॅम्पवर बाँड, एक वर्षाच्या आत सोडलं तर ट्रेनिंग खर्च म्हणून ३०,००० भरायचे, आणि ओरिजिनल मार्कशीट 'व्हेरिफिकेशनला' जमा. इथं माझं मत स्पष्ट आहे, ओरिजिनल दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत बॅगेत. पण पहिल्या दिवशी एसी ऑफिसात खुर्चीवर बसलेलं परभणीचं लेकरू हे बोलू शकत नाही आणि समोरच्यालाही ते माहीत असतं.

राहायला रांजणगाव शेणपुंजीत चौघांची रूम, वाट्याला १,७५०. मेस ३,०००. कंपनीची बस फक्त कामगारांना, स्टाफनं आपापलं यायचं, म्हणून शेअर रिक्षाचे हजारभर. एक फोन ईएमआयवर घेतला १,९०० चा, कारण जुन्या फोनवर कंपनीचं हजेरीचं अ‍ॅप चालत नव्हतं. (हे कारण त्यानं सांगितलं, मला ते अर्धंच पटलं, पण बावीस वर्षांच्या पोरानं पहिल्या नोकरीला फोन घ्यायचा नाही तर कधी घ्यायचा.)

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिला पगार आला, ८,०२४. कंपनीची हजेरी २६ तारखेपासून पुढच्या २५ पर्यंत मोजतात, बऱ्याच ठिकाणी असंच असतं, कारण पगार वेळेवर काढायला मधे दिवस लागतात. हा १० ला आला म्हणजे २५ पर्यंत १६ दिवस. १७,००० ला ३० नं भागून १६ नं गुणा, ९,०६७. त्यातून पीएफ ८००, ईएसआयसी ६८, आणि प्रोफेशनल टॅक्स या वेळी १७५, कारण महाराष्ट्रात पुरुषाला साडेसात ते दहा हजारात १७५ लागतो आणि दहाच्या वर २००. सगळं बरोबर होतं. पण त्याला कुणी समजावून सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही.

दाजी काही शाळेत फार शिकलेले नाहीत पण हिशोबाला पक्के. ते फोनवर म्हणाले, "अर्ध्या महिन्याचे आठ, मंग पुऱ्याचे सोळा झाले, वीस कसे होयलेत?" बिनतोड सवाल होता. पोराला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली, तो म्हणाला, "ट्रेनिंग चालूय दादा, पुढच्या महिन्यापासून पूर्ण येतो." इथून पुढं तो स्वतःच्याच या वाक्याचे हप्ते भरत बसला.

पूर्ण पगार आल्यावर त्यानं घरी ८,००० पाठवायला सुरुवात केली. हिशोब करा, रूम, मेस, रिक्षा, फोनचा हप्ता, रिचार्ज मिळून ७,९५०, वर घरचे आठ, झाले १५,९५०, आणि हातात येतात १४,७२२. दर महिन्याला सव्वा हजार खड्डा, आणि हे सगळं नीट चाललं तर. वर तीन लेट मार्कला अर्धा दिवस कट होता, तो एकदा लागलाच, पावसात रिक्षाच नाही मिळाली.

आता ऑफिसचं सांगतो, कारण सगळंच वाईट होतं असं नाही, उलट कामात पोरगा रुळत होता. पहिला महिना सांगकाम्या. झेरॉक्स आण, फाईल लाव, गेटवरून चलन आण, साहेबांना बिसलेरी नेऊन दे. बी.कॉम.ला जर्नल एंट्री शिकवतात, जीआरएन (माल आल्याची नोंद) काय, रिजेक्शनची डेबिट नोट कधी काढतात, हे कुणी शिकवत नाही. पण हळूहळू त्याला महिन्याचा ठेका कळला. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी म्हणजे खरेदीची यादी येते, १५ ला पीएफ ईएसआयसी, २० ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. अकाउंट्सवाल्याचा महिना असाच जातो, तारखा पकडत. ११ च्या आधीचे दोन दिवस रात्री नऊ वाजायचे आणि स्टाफला ओव्हरटाइम नसतो, साहेब म्हणायचे "कॉम्प-ऑफ घे रे नंतर", म्हणजे बदली सुट्टी, ते नंतर काही लवकर आलं नाही.

ऑगस्टमधे एक झालं. २बी म्हणजे आपल्या व्हेंडरांनी जी बिलं जीएसटीत दाखवली त्याची सरकारी यादी, तिच्यात बिल नसलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही, व्हेंडरला जीएसटीसकट पैसे दिलेले असले तरी. टॅलीतली खरेदी आणि २बी जुळवायचं काम सीनियर मॅडमकडं होतं, त्यांनी याला एक्सेल देऊन बसवलं. एका व्हेंडरची सलग तीन बिलं सापडत नव्हती, मॅडमनं 'व्हेंडरनं भरलं नाही' असं लिहून सोडलं होतं. यानं व्हेंडरला फोन लावून त्याच्या अकाउंटंटकडून स्क्रीनशॉट मागवला तर त्यानं बिलं भरली होती, पण आपल्या कंपनीच्या गुजरातच्या डेपोच्या जीएसटी नंबरवर. अडतीस हजाराचं क्रेडिट अडकलं होतं, व्हेंडरनं पुढच्या महिन्यात दुरुस्ती केली. मी त्याला विचारलं तुला हे सुचलं कसं, तर म्हणाला, "मामा, डेअरीत पण असंच होयचं, दूध कमी नसतंय, दुसऱ्याच्या नावावर चढलेलं असतंय." मॅडमनं त्या दिवशी स्वतःच्या डब्यातलं वांग्याचं भरीत दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून झेरॉक्स दुसऱ्या पोराकडं गेली. ही त्याच्या पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी बढती, कागदावर कुठंच नाही.

सप्टेंबर मात्र वाईट गेला. १ आणि २ तारखेला मराठवाड्यात जो पाऊस पडला तो आठवत असेल, परभणी, हिंगोली, नांदेड सगळीकडं शेतात पाणी. दाजींचं नदीच्या बाजूचं सोयाबीन गेलं. जे राहिलं त्याला पुढं भाव मिळाला तो हमीभावाच्या खाली, हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजार सव्वाचार हजार. घरून फोन यायला लागले, थोडे जास्त पाठव. त्याच महिन्यात याला डेंग्यू झाला. रूमवरच्या पोरांनी जवळच्या प्रायव्हेट दवाखान्यात टाकलं, तीन दिवसांचं बिल ९,४००, चौघांनी मिळून भरलं.

त्याच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयसीचे १२८ कटत होते. ग्रॉस २१,००० पर्यंत असलेल्याला ईएसआयसी लागू असते आणि औषधोपचाराचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो, आई-वडील अवलंबून असले तर त्यांना पण. त्याचं ई-पहचान कार्ड जूनमधेच मेलवर आलं होतं. तो १२८ ला 'कसला तरी टॅक्स' समजत होता. ९,४०० रुपये वाचले असते. कंपनीत जॉइनिंगच्या दिवशी सेफ्टी शूजची सही घेतात, फायर एक्स्टिंग्विशर दाखवतात, हे कार्ड हातात घेऊन पाच मिनिटं कुणी सांगत नाही. माझ्या कंपनीत पण कुणी सांगत नव्हतं, आता मी सांगतो.

मित्रांचे पैसे फेडायला त्यानं ऑक्टोबरमधे एका लोन अ‍ॅपवरून उचल घेतली. दहा हजाराचं लोन, प्रोसेसिंग वगैरे कापून हातात ८,२००, तीस दिवसांनी भरायचे १०,०००. ते भरायला दुसरं अ‍ॅप. आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल काय असते हे घराघरात माहीत आहे, एकदा अंगावर आली की हंगाम संपतो पण ती संपत नाही, आणि तरी ऑफिसात बसणारं पोरगं मोबाईलवर तीच घेतं, काहून की तिला कुणी उचल म्हणत नाही.

आणि त्याच महिन्यात गाडीचं प्रकरण झालं.

चाकणच्या कस्टमरला माल चालला होता. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल असला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, त्यात दोन भाग, ए मधे बिलाची माहिती, बी मधे गाडी नंबर. हे बिल बनवायचं काम आता याच्याकडं होतं. ट्रान्सपोर्टरनं ऐनवेळी गाडी बदलली, डिस्पॅचला फोनवर सांगितलं, डिस्पॅचच्या माणसानं अकाउंट्सच्या दारातून आवाज दिला, "गाडी बदलली रे", आणि निघून गेला. हा त्या वेळी जागेवर नव्हता. गाडी निघाली जुन्या नंबरच्या बिलावर. नगरच्या अलीकडं ड्रायव्हरनं बिल बघितलं आणि फोन केला, "सर, बिल पे नंबर अलग है, आगे चेकिंग लगा है, मैं धाबे पे खड़ा हूँ."

याला वाटलं बिल रद्द करावं लागेल, नवं बनवावं लागेल, इनव्हॉइस पण रद्द, दंड लागेल, दंड कराच्या दुप्पट असतो हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं (आणि माल पकडला तर ते खरं आहे). तो दोन तास कुणाला काही न बोलता पोर्टल उघडून बसला. गाडी धाब्यावर. कस्टमरचा फोन मॅनेजरला आला, मॅनेजर सगळ्या फ्लोअरसमोर, "बी.कॉम. केलंय का झोपा काढल्यात?" वगैरे, जे बोलले ते सगळं लिहीत नाही. मॅडम तिसऱ्या मजल्यावरून आल्या, पार्ट बी उघडला, नवा गाडी नंबर टाकला, दोन मिनिटं. गाडी बदलली की पार्ट बी अपडेट करायचा, तेवढंच असतं, बिल रद्द करायची गरजच नसते. अनलोडिंगचा स्लॉट हुकला, गाडी रात्रभर कस्टमरच्या गेटवर, ट्रान्सपोर्टरनं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, लावलं.

चूक कुणाची? मॅनेजरच्या मते याची. माझ्या मते गाडी नंबरासारखी गोष्ट दारातून ओरडून सांगणारा डिस्पॅचवाला आधी, आणि मग न विचारता ओरडणारा मॅनेजर. पोराचा दोष एवढाच की दोन तास तोंड उघडलं नाही. पण तो घरी पण चार महिने तोंड उघडत नव्हता, इथं बरं उघडलं असतं. मॅडमनं नंतर एक केलं ते मला फार आवडलं, गाडी नंबर तोंडी घ्यायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर प्लेटचा फोटो आला तरच बिल. तेव्हापासून असं परत झालं नाही.

दिवाळीला बोनस येईल मग अ‍ॅप फेडू असा त्याचा हिशोब होता. लक्ष्मीपूजनाच्या आधी सगळ्यांचे बोनस झाले, याला मिठाईचा पुडा आणि स्टीलचा डबा. कारण दिवाळीला मिळतो तो बोनस मागच्या आर्थिक वर्षाचा, २०२३-२४ चा, तेव्हा हा कॉलेजात होता. हे पण कुणी सांगितलं नव्हतं. कामगारांना पण पहिल्या वर्षी हाच धक्का बसतो, दर दिवाळीला माझ्या टेबलापुढं चार-दोन जण तरी उभे असतात.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, मी बहिणीकडं गेलो होतो. जेवताना दाजी मला म्हणाले, "वीस हजार पगार घेऊन आठ पाठवायलाय, बाकीचे कुठं घालवायलाय विचारा बरं तुमच्या भाच्याला, काही व्यसन बिसन लागलं का." पोरगा ताटात बघत बसला. जेवण झाल्यावर त्याला गच्चीवर नेलं आणि म्हणलं स्लिप दाखव. स्लिप बघितल्यावर मला काही विचारायची गरजच राहिली नाही. बाकीचं त्यानं स्वतः सांगितलं, अ‍ॅपवाल्याचे फोन रोज यायलेत, कॉन्टॅक्टमधल्या लोकांना फोन करू म्हणायलेत, नोकरी सोडावी वाटायलीय, पुण्याच्या एका कन्सल्टन्सीचा बावीस हजाराचा फोन आलाय पण बाँड आहे, रूमवरचे म्हणतात बाँड म्हणजे रद्दी आणि ऑफिसातला एक जण म्हणतो बाँड मोडला की पोलीस येतात.

बाँडचं आधी सांगतो कारण हे दोन्ही चूक आहे. पोलिसांचा संबंध नाही, हा दिवाणी मामला. आणि रद्दी पण नाही. करार कायद्याच्या कलम २७ खाली माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार चालत नाही, पण नोकरीत असतानाचा ठरावीक काळाचा बाँड त्यात बसतोच असं नाही. पुढं १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमधे तीन वर्षांच्या आत सोडलं म्हणून दोन लाखांची अट वैध धरली. तिथं बँकेला पुन्हा भरती करायचा खर्च, सरकारी बँक, हे सगळं होतं. इथं दोन दिवस एका खोलीत टॅली दाखवलं होतं. कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई बघतं, लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही, म्हणजे कंपनी ३०,००० साठी कोर्टात गेली नसतीच बहुतेक. पण मी त्याला म्हणलं, सहा-सात महिने राहिलेत, अंगावर कर्ज आहे, पुण्याच्या बावीसचं दुसरं पान तू बघितलंस का? बघितलं नव्हतं. पुण्यात रूमचे किती, विचारलं होतं का? नव्हतं. मग कशाच्या भरवशावर सोडतो बाबा.

मग खाली आलो आणि दाजींपुढं स्लिप ठेवली. खरं सांगतो, पोराच्या अंगाला घाम सुटला होता. मी कागदावर वर १९,७७९ लिहिलं आणि एकेक वजा करत खाली आलो. दाजी बराच वेळ गप्प. मग पीएफच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे पंधराशे कुठं जायलेत?" म्हणलं कुठं जात नाहीत, त्याच्याच नावावर जमायलेत, वर सव्वाआठ टक्के व्याज. "आन हे एकशे अठ्ठावीस?" ते दवाखान्याचे, तुमचा आणि अक्काचा पण इलाज होतो त्यात. हे ऐकल्यावर बहीण पहिल्यांदा बोलली, तिच्या गुडघ्याचं. दाजींचा राग पैशांवर नव्हताच, ते शेवटी म्हणाले, "मंग म्या गावात काय तोंड दाखवू, वीस सांगून बसलोय." एवढंच. अॅपचं त्यांना कळल्यावर मात्र पोराला चार शिव्या बसल्या, त्या बसायलाच पाहिजे होत्या.

दोन्ही अ‍ॅपचे पैसे मी भरले, तो महिन्याला दोन हजार मला परत देणार आणि घरी पाच पाठवणार असं ठरलं. मित्रांचे जे राहिलेत ते त्याचे तो.

परत गेल्यावर त्यानं एचआरला मेल केला. मी त्याला एवढंच म्हणलं होतं की कायद्याची कलमं लिहू नको, वकिलासारखं लिहिलं की समोरचा पण वकिलासारखा वागतो, साधं विचार. मार्कशीट परत कधी मिळेल, चार रविवारचे कॉम्प-ऑफ कधी घेऊ, आणि ईएसआयसीच्या कार्डावर आई-वडलांची नावं कशी टाकायची. मार्कशीट आठवड्यात मिळाली, एचआरच्या मॅडमच्या ड्रॉवरमधेच पडून होती, तिलाही आठवत नव्हतं. चारपैकी दोन कॉम्प-ऑफ मिळाले, बाकीचे 'रेकॉर्डवर नाहीत'. नावं चढली, आणि माझ्या बहिणीच्या गुडघ्याचे एक्स-रे संक्रांतीनंतर चिकलठाण्याच्या ईएसआयसी दवाखान्यात निघाले, पैसे न देता.

डिसेंबरमधे त्यानं पीएफचं पासबुक उघडलं आणि मला भडकून फोन केला, मामा कंपनी पैसे खायलीय, माझे १,५०० दिसायलेत आणि कंपनीचे फक्त ४५९. बाकीचे १,०४१ पेन्शन खात्यात जातात, ८.३३ टक्के, पासबुकात वेगळ्या रकान्यात असतात. सांगितल्यावर शांत झाला. मला बरं वाटलं ते त्याच्या भडकण्याचं, जूनमधला पोरगा गप्प बसला असता. मार्चमधे तर त्यानंच मला सांगितलं, "फेब्रुवारीच्या पगारात शंभर कमी, प्रोफेशनल टॅक्स फेब्रुवारीला तीनशे असतोय ना, वर्षाचे अडीच हजार पुरे करायला." आणि रूमवरच्या तिघांना पण त्यानंच समजावलं होतं, ते तिघं एचआरशी भांडायला निघाले होते.

मॅनेजर बदलला नाही, तसाच ओरडायचा. फरक एवढाच की हा आता उठून जवळ जायचा आणि विचारायचा, सर नेमकं काय चुकलं ते दाखवा. कधी दाखवायचे, कधी हाकलायचे.

जून २०२५ ला बाँड संपला, आणि पगारवाढ झाली ती आठशे रुपये. जुलैमधे त्याला शेंद्र्याच्या एका कंपनीत मिळालं, नोटीस पिरियड पूर्ण करून गेला, यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच ठेवला, पीएफ काढला नाही, ट्रान्सफर केला. ऑफर लेटरचं दुसरं पान मला पाठवायची गरज पडली नाही, त्यानं स्वतःच हिशोब करून आकडा कळवला. ग्रॉस २०,५००, हातात १८,५२६. तिथल्या एचआरनं पण सीटीसी साडेतेवीस सांगितली होती म्हणे.

दाजींनी या वेळी हॉटेलावर हिशोबानं साडेअठरा सांगितलं. त्यामुळं गावात सध्या असं बोललं जातंय की पोरगं वीसची नोकरी सोडून साडेअठराच्या नोकरीला गेलं, डोकं फिरलं का काय. स्थळ बघणाऱ्या आत्यानं तर फोन करून खात्री पण करून घेतली.

जुन्या कंपनीत २०२४-२५ मधे तो नऊ महिन्यांच्या वर होता, म्हणून त्या वर्षाच्या बोनसवर त्याचा हक्क होता, सोडलं तरी. ऑक्टोबरमधे त्यानं मेल टाकला, उत्तर आलं नाही, पंधरा दिवसांनी परत टाकला. ज्या दिवाळीला तिथं होता तेव्हा डबा मिळाला आणि ज्या दिवाळीला तिथं नव्हता तिचा बोनस नोव्हेंबरमधे खात्यात आला. त्यातले निम्मे त्यानं दाजींना पाठवले, कृषी केंद्राची मागच्या वर्षीची उधारी अजून थोडी बाकी होती.